फोनमधला बोजारा

रविवार, सेलू. तान्ह्या पोळ्याला आठवडा झाला.

सईला आज रागावले. माझा फोन घेऊन ती सुताराकडे गेली आणि आपल्या लाकडी बैलाला नवी चाकं बसवून आली. पिन तिला माहीत आहे, दुधाचे पैसे तीच तर टाकते. न विचारता पैसे काऊन दिले म्हटलं, तर शांतपणे म्हणाली, "माया बोजाऱ्यातले देल्ले. तूच त म्हणत होती, तुये पैसे फोनमंदी हायेत."

म्हटलं होतं खरं. यंदा तान्ह्या पोळ्याला लेक बैल घेऊन घरोघरी फिरली, तेव्हा निम्म्या लोकांनी पोरांना द्यायचे बोजाऱ्याचे पैसे माझ्या फोनवरच टाकले. मी त्यातूनच गॅस सिलिंडर घेतलं. तेव्हा मी तरी तिला कुठे विचारलं?

हे म्हणाले, "पिन बदलून टाक, नाई त रोज हेच होईन." बदलीन. पण चाकं तिच्याच पैशांची होती ना?

उद्या सगळा बोजारा रोख तिच्या हातात देणार. कशावर खर्च केला, ते विचारायचं नाही, असं ठरवलंय.

अंगणात चाकं वाजतायत. एवढं लिहीपर्यंत दोनदा मनात आलं, सुताराने जास्त तर नाही ना घेतले.