दुसरं ताट

नेर, १२ जानेवारी २०२५

चि. दीपा हिस,
जयभीम व अ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. एकतीस डिसेंबरला मी शेवटची गाडी आगारात लावली, चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि रिकामा झालो. तेहतीस वर्षं स्टेअरिंग धरलेले हात आता तुझ्या वहिनीसमोर बसून तुरीच्या शेंगा सोलतात. ती म्हणते, एस.टी.चा ड्रायव्हर घरात ठेवणं म्हणजे अंगणात गाडी उभी करण्यासारखं आहे, जिकडे जावं तिकडे आडवी.

आता मुद्द्याचं. चौदा वर्षांपूर्वी तुला मास्तरणीची नोकरी लागली आणि मी तुला रत्नागिरीच्या गाडीत बसवून दिलं, तेव्हा म्हणालो होतो की मागोमाग येतो. मागोमाग म्हणजे किती, ते आपण दोघांनीही मोजलं नाही. निवृत्तीनंतर मला आणि रुखमाला प्रवासाचा पास मिळतो. मे महिन्यात, तुझी शाळा सुटली की आम्ही येतो.

तुला माहीत आहे, मी देवदर्शनाचा माणूस नाही. मी गाव ओळखतो ते ताटावरून. पांढरकवड्याचं भरीत, दारव्ह्याचे भजे, आर्णीच्या धाब्यावरची पाटवडी, सगळं पाठ आहे. फक्त समुद्राचं ताट राहिलं. तेव्हा रत्नागिरीत काय खायचं, कोणत्या क्रमानं खायचं, ते कागदावर लिहून पाठव. फोनवर तू सतरा पदार्थ सांगतेस आणि फोन ठेवला की मी सोळा विसरतो. यादी आली की वेळापत्रकासारखी भिंतीला चिकटवतो.

तोंडात एक फोड आला आहे, तिखट झोंबतं. रुखमा दाखवा दाखवा म्हणून मागे लागली आहे. मेपर्यंत बरा होईल.

लोभ आहेच, तो यादीत दिसू दे.
तुझा दादा,
डोमाजी

—

रत्नागिरी, २४ जानेवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र शाळेत सगळ्यांना दाखवलं. आमच्या मुलांनी आंतरदेशीय पत्र पहिल्यांदाच पाहिलं. एकाने विचारलं, बाई, हे उघडायचं कुठून?

आता यादी. आलास की पहिल्या सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. आंबोळी म्हणजे आपल्या धिरड्याची कोकणातली बहीण, पण जाड आणि जाळीदार. दुपारी मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलेली सुरमई, रवा लावून तळलेली, आणि तांदळाची भाकरी. ही भाकरी पांढरी आणि मऊ असते. आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखी दातांना काम लावत नाही, त्यामुळे तू नावं ठेवशीलच.

दुसऱ्या दिवशी बांगड्याचं तिखलं. त्यात तिरफळं घालतात, जिभेला मुंग्या येतात. बांगड्याला काटे असतात, घाई करायची नाही. तू भाकरी कालवल्यासारखा मासा कालवायला बसलास तर मी ताट काढून घेईन. मग तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपल्या. शिंपली उघडायची, आतलं चोखून खायचं, आणि टरफलांचा ढीग ताटाशेजारी लावायचा. ज्याचा ढीग मोठा, तो जिंकला. ओल्या काजूची उसळ मिळाली तर बघू. शेवटी सोलकढी, ती गुलाबी असते म्हणून घाबरू नकोस. गोडात उकडीचे मोदक, वर तुपाची धार.

वहिनीला मासळीचा वास सोसत नाही हे मला ठाऊक आहे. तिच्यासाठी मोदक दुप्पट.

खर्रा, ती तुझी तंबाखू-सुपारी, मात्र घरीच ठेवून ये. आणि तो फोड दाखव, तेवढ्यासाठी मे महिन्याची वाट बघू नकोस.

लोभ वाढतच राहावा, पोटाप्रमाणे.
तुझी धाकटी,
दीपा

—

नेर, २० फेब्रुवारी २०२५

चि. दीपा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मी लिहिते आहे, हे तुझ्या दादाला माहीत नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकेल तिथे सांभाळून घे. घर दोन खोल्यांचं, फोन घेतला की ते समोरच असतात. मागच्या वेळी तुला सांगितलं की त्यांचा घसा बसला आहे, ते खोटं होतं.

तो फोड नव्हता. नागपूरला नेलं, तपासलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशन केलं. जिभेचा बराच भाग काढावा लागला. आता बोलता येत नाही, गिळता येत नाही. नाकातून नळी घातली आहे. दर दोन तासांनी मी पातळ वरणाचं पाणी किंवा भाताची पेज गाळून नळीतून सोडते. ज्या माणसाने आयुष्यभर मीठ कमी पडलं की ताटावरून भुवई उचलली, त्याला आता मीठ आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. मी तरी रोज चाखून घालते. सवय जात नाही.

डॉक्टरांनी अश्वजितला बाजूला घेऊन सांगितलं की गळ्यातही उतरलं आहे. पोरगं बापासमोर हसत येतं आणि गोठ्यात जाऊन रडतं.

तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी पाटीवर लिहून ताकीद दिली आहे. तू नोकरी सोडून धावत येशील म्हणे. पण तुझी यादी भिंतीवर आहे. पेज सोडायची वेळ झाली की ते यादीकडे बोट करतात. अश्वजित वाचतो, मी नळी धरते. नळीतून पेज जाते आणि कानातून सुरमई. तिसऱ्यांच्या ढिगाशी आलं की ते हात वर करतात, पुन्हा वाच म्हणून.

म्हणून मागणं एवढंच, की आणखी एक पत्र पाठव, खाण्याचंच. आणि तुला काही कळलंय हे दाखवू नकोस. यायची घाईही करू नकोस, त्यांना पट्टीतलं तोंड तुला दाखवायचं नाही. पट्टी सुटली की मी स्वतः बोलावीन.

आहे तशीच माया ठेव.
तुझी वहिनी,
रुखमा

—

रत्नागिरी, ३ मार्च २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझा घसा बसला म्हणून फोनवर गप्पा होत नाहीत, तेव्हा पुन्हा कागद घेतला. मागच्या यादीत काही चांगल्या गोष्टी राहूनच गेल्या होत्या.

इथे सकाळी उकड्या तांदळाची पेज घेतात. फार बरी लागते, नुसती पीत राहावी. कुळथाची पिठी असते, आपल्या पिठल्याहून पातळ, भातावर सोडली की घास कळतसुद्धा नाही. नाचणीची आंबील उन्हाळ्यात थंड असते. शिरवळे म्हणजे तांदळाच्या शेवया, त्या नारळाच्या गोड रसात बुडवतात, तोंडात गेल्या की विरतात. सोलकढी तर आहेच. खरं सांगू, कोकणची खरी चव या साध्या गोष्टींतच आहे, मासळीचं उगाच कौतुक होतं.

इकडे सगळं छान चाललं आहे. परीक्षा जवळ आल्या. तू तब्येतीला जप.

लोभ असू दे, भरपूर असू दे.
तुझी,
दीपा

—

नेर, १४ मार्च २०२५

चि. दीपा,
जयभीम व अ. आ.

तुझं दुसरं पत्र पोचलं. अश्वजितने वाचलं. मी ते उलटं करून मागे काही लिहिलंय का बघितलं.

पोरी, तुझ्या पहिल्या पत्रात बांगड्याला काटे होते, शिंपल्यांना टरफलं होती, तिरफळाने जिभेला मुंग्या येत होत्या. या पत्रात पेज, पिठी, आंबील. खड्ड्यांचा रस्ता एकाएकी गुळगुळीत लागला की ड्रायव्हरला कळतं, पुढे कोणासाठी तरी डांबर टाकलंय. तुझ्या वहिनीने तुला सांगितलं. मी तिला पाटीवर लिहून रागावलो, ती मला तोंडाने रागावली, आणि तीच जिंकली. बायका बोलू शकतात हा त्यांचा फायदा आहे.

तर आता आपण दोघं खोटं बोलणं बंद करू. खर्रा मी स्वतः तोंडात धरला, कोणी कोंबला नव्हता, तेव्हा त्याबद्दल पत्रात सुस्कारे नकोत. मी मे महिन्यात रत्नागिरीला येणार नाही. हे तुला कळलंय, मलाही कळलंय. मला भीती वाटते. दिवसा वाटत नाही, दुपारी चारला वाटते, सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात तेव्हा. वाईट मरणाचं वाटत नाही तेवढं तुझं वाटतं. चौदा वर्षं तू तिकडे एकटी, आणि मी एस.टी.चा ड्रायव्हर असून एकदाही तुझ्यापर्यंत पोचलो नाही.

डॉक्टरांनी पथ्य पोटाला सांगितलंय, कानाला नाही. तेव्हा पेज मला सांगू नकोस, पेज इथे रोज आहे. मला बांगडा सांग. तिखट सांग. काटे काढू नकोस. तू स्वतः खाताना कसं लागतं ते सांग, चवीने. तेवढं एक पत्र पाठव. पट्टी सुटायला अजून महिना आहे, मग ये. तोवर येऊ नकोस, एवढं ऐक.

लोभ आहे, होता, आणि पुढचं तू सांभाळ.
दादा

—

रत्नागिरी, २४ मार्च २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

खोटं बंद करायचंच तर माझंही एक ऐक. पहिली यादी मी शेजारच्या काकूंना विचारून लिहिली होती. चौदा वर्षांत मी त्यातलं जवळपास काहीच खाल्लेलं नाही. एकटीसाठी कोण करतं, म्हणून तू पाठवलेल्या तुरीच्या डाळीवर आणि ज्वारीच्या पिठावर राहिले. बंदरावरून जाताना दर वेळी वाटायचं, हे दादा आला की खाऊ. बदली होईल, बदली होईल असं म्हणत होते, आणि दादा येईल, दादा येईल असंही. दोन्ही राहिलं.

काल रविवार. मिरकरवाड्याजवळ एक खानावळ आहे, तिथे गेले. दोन ताटं मागितली. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, दुसरं माणूस कुठे आहे? मी म्हटलं, गाडी लेट आहे.

आता ऐक. सुरमईचा तुकडा तव्यावरून थेट ताटात आला, कडेचा रवा अजून चरचरत होता. बोट भाजलं. वरचं कुरकुरीत मोडलं की आत पांढरं, ओलसर, पाकळ्या पाकळ्या सुटणारं. त्याला समुद्राचा वास नव्हता, मला उगाच भीती होती. तिसऱ्या ओल्या खोबऱ्यात होत्या. मी सदतीस टरफलांचा ढीग लावला. तुझ्या ताटाशेजारी काही नव्हतं, तेव्हा मीच जिंकले, पण तो काही डाव नव्हे.

मग बांगड्याचं तिखलं. लाल, दाट, आंबट. तिरफळाने आधी जीभ थंड पडल्यासारखी वाटते, मग सगळ्या तोंडात मुंग्या धावतात. आपल्या ठेच्यासारखं ते एकदम चढत नाही, मागून येतं आणि बसून राहतं. नाक वाहायला लागलं. तुला फार आवडलं असतं रे. मी घाई केली. आणि काटा रुतला, अगदी घशात. बाईंनी कोरड्या भाताचा गोळा करून दिला, तो न चावता गिळला. मग केळं दिलं. मी रडत होते, आणि त्यांना वाटत होतं की काट्यामुळे रडते आहे. त्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. दुसरं ताट त्यांनी झाकून ठेवलं, गाडी आली की वाढते म्हणाल्या.

काटा अजून तिथेच आहे. आवंढा गिळला की टोचतो.

दोन मेचं तिकीट काढलं आहे. तू आला नाहीस तर मी येते, यात हट्ट चालणार नाही.

लोभ दोघांचा मिळून एकच आहे, तो धरून ठेव.
तुझीच,
दीपा

—

नेर, २७ एप्रिल २०२५

चि. दीपा,
सप्रेम जयभीम.

रत्नागिरीला सुखरूप पोचलीस ना? तू इथे होतीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. त्यांच्यासाठी पुण्यानुमोदन झालं, भोजनदान झालं, चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक दारावरून गेली, पण तू आणि मी दोघी बसून चार शब्द बोललो नाही. तू पोचलीस तेव्हा त्यांना नेऊन झालं होतं. एप्रिलच्या उन्हात थांबता आलं नाही, याचं वाईट मला जन्मभर वाटेल. रागावू नकोस.

तुझं शेवटचं पत्र एकोणतीस मार्चला आलं. अश्वजितने ते एकदा वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. गाडी लेट आहे म्हणालीस, तिथे त्यांचे खांदे हलले. आधी मला वाटलं रडतात, पण हसत होते. सुरमईशी आले की डोळे मिटायचे. मग सहा तारखेपर्यंत, म्हणजे जाईपर्यंत, रोज तेच पत्र. पेज मी थोडी थोडी सोडायची, पत्र संपायच्या आत नळी रिकामी व्हायला नको म्हणून.

एक गोष्ट तुला सांगते. मला मासळी कधी सोसली नाही, हे तुला माहीत आहे. तीस वर्षं मी त्यांचे बेंबळा नदीतले मासे नाकाला पदर लावून रांधले. शेवटच्या दिवसांत एकदा अश्वजितला बाजारात पाठवून मासा आणवला, तिखटात केला, आणि त्यांच्या खाटेजवळ बसून पदर न लावता खाल्ला. ते बघत होते. वाईट लागला, पण मी तसं सांगितलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र. पाच तारखेला दुपारी चारच्या सुमारास त्यांनी पाटी मागितली. अक्षर तिरपं आहे. मला वाटलं काही दुखतं आहे. त्यांनी लिहिलं होतं, दीपाचा काटा निघाला का ते विचार. मी म्हटलं, विचारते. त्यानंतर त्यांनी पाटी घेतली नाही.

तू आलीस, आठवडाभर राहिलीस, आणि एवढ्या गर्दीत मी तेच विचारायचं विसरले. पाटी तशीच ठेवली आहे, कोणाला हात लावू देत नाही. काटा निघाला का, तेवढं उलट टपाली कळव, म्हणजे मी पाटी पुसते.

लोभ त्यांच्या वाटणीचाही मलाच दे.
तुझी वहिनी,
रुखमा