मोठ्या बाई वर्गात आल्या की

तीर्थस्वरूप आक्का मावशीस,

मंजुषाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इंदिरानगरात सध्या थंडी आहे म्हणतात, तेव्हा सकाळी फिरायला जाताना मोजे घालत जा (घालणार नाहीस, ठाऊक आहे). आमच्याकडे सगळे खुशाल, एक मी सोडून.

सायखेड्याजवळच्या शाळेत मी मुख्याध्यापिका झाले, तेव्हा पेढे तूच वाटलेस. ते आता मला बाधलेत. दिवाळीनंतर आमचं प्रशिक्षण झालं. मुलांची प्रगती हवी असेल तर मुख्याध्यापकांनी खुर्ची सोडून वर्गात बसावं, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं (ते स्वतः दिवसभर खुर्चीतून हलले नाहीत). मला हेच हवं होतं. एका जागी बसायचा माझा स्वभावच नाही. लगेच चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागले.

लताबाई काय सुंदर शिकवतात म्हणून सांगू! पाऊस कसा पडतो, हा पाठ. फळ्यावर रंगीत ढग, समुद्रातून वर जाणारे बाण, पोरं एका सुरात 'बाष्पीभवन' म्हणतात. माझा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी गेले, तर तोच पाठ. म्हटलं, उजळणी असेल. पुढच्या आठवड्यातही ढगच. (आणि मी इतकी भोळी, की केंद्रप्रमुखांना फोन करून गुणवत्ता वाढल्याचं कळवूनही टाकलं.) शेवटी अंजली नावाची एक चुणचुणीत पोरगी सरकत सरकत माझ्या कानाशी आली. "मोठ्या बाई, उद्या बी येणार का? तुम्ही आल्या का बाई ढगच काढत्यात. आमचा भागाकार राहूनच जातो."

मावशी, तपासणीला दाखवायचा एक पाठ प्रत्येक शिक्षकाकडे तयार असतो, हे मी विसरले कशी? वरचं माणूस दारात दिसलं की तो सुरू. आणि मी तर रोज दारात! पुढच्या महिन्यात चौथीची चाचणी आहे, तीही भागाकाराची. लताबाईंना समजावलं की मी तपासायला येत नाही हो. त्या "हो मॅडम" म्हणाल्या आणि घाईघाईने रंगीत खडू शोधायला लागल्या. मग ऑफिसातच बसायचं ठरवलं, पण बसवत नाही. पाय आपोआप चौथीकडे वळतात. पोरांचं नुकसान आपल्यामुळे होतंय, या विचाराने जीव नुसता कासावीस होतो.

बाकी ठीक. काकांना नमस्कार सांग.

तुझी,
मंजुषा

ता. क. खरं काम हे. शाळा भरली की रोज मला फोन कर आणि मधल्या सुट्टीपर्यंत सोडू नकोस. गुडघे, सूनबाई, सोसायटीचं पाणी, काहीही चालेल. तू बोलायला लागलीस की समोरच्याला जागचं हलता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. (हेही फोनवरच सांगणार होते, पण तुझ्यापुढे माझी पाळी कधी येते?)

आणखी एक ता. क. पाकीट बंद करता करता राहवलं नाही, म्हणून चौथीच्या खिडकीतून जरासं डोकावले. फळ्यावर भागाकार होता आणि अंजली तो सोडवत होती. लताबाईंनी मला पाहिलं, तिच्या हातातला खडू घेतला आणि फळा पुसला. पत्र मिळताक्षणी फोन कर, मावशी. उत्तर आलं होतं पोरीचं, फक्त बाकी लिहायची राहिली.