बोटीचं इंजिन आणि माझा साडू

३ नोव्हें., सोम.
इंजिनाने आज पुन्हा दगा दिला, तोही धरणाच्या मधोमध. काठावरून निघताना ठणठणीत असतं. दहा-बारा मिनिटं झाली की जोर जातो, मग आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, दमेकऱ्यासारखा. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला की घटकाभर उचल खातं. नंतर तेच. वल्ही मारत परत आलो. तोवर दिग्रसला जाणारी मासळीची गाडी निघून गेली होती. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष नामदेवराव काठावर घड्याळ बघत उभे होते. शिव्या दिल्या असत्या तर कमी लागलं असतं.

अठरा वर्षं मच्छीमार संस्थेचं हे इंजिन माझ्या ओसरीत लाकडी घोडीवर राहतं. मला गावात भास्कर कोणी म्हणत नाही, इंजिनवाले भाऊ म्हणतात.

४ नोव्हें.
प्लग बदलला. फरक नाही. पाण्यातला पंखा काढून पाहिला, त्यात जाळ्याचा दोरा गुंतलेला. वाटलं, सापडलं. नव्हतं.

५ नोव्हें.
कार्ब्युरेटर खोलून धुतला, फुंकला, बसवला. जुनं पेट्रोल ओतून टाकलं, दिग्रसहून नवीन आणलं, ऑइल मोजून घातलं. दहा मिनिटांनी पुन्हा धापा.

मी घरात पाय ठेवताच कुसुमने सांगितलं, मोहनभाऊ येऊन राह्यले उद्या. मोहन म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझा साडू. इसापूरकडे बोट चालवायचा, ते काम दिवाळीनंतर संपलं.
“त्यायले दाखवा न एकदा इंजिन.”
म्हटलं, काही गरज नाही.

६ नोव्हें.
आला. सडपातळ, कमी बोलणारा. अशी माणसं बायकांना फार शहाणी वाटतात. कुसुमने पाटवडीचा रस्सा केला. मी श्रावणात मागितला होता, तेव्हा घरात बेसन नव्हतं. जेवण झाल्यावर याने स्वतःचं ताट स्वतः घासलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना माहीत. पंचवीस वर्षांत मी ताट उचललं नाही, हे कुसुमला आजच आठवलं.

जळतो मी. लिहून ठेवतो, निदान वहीला तरी खरं सांगावं.

७ नोव्हें.
इंजिन घोडीवर होतं, मोहन लांबून बघत होता. हात लावला नाही. विचारलंही नाही. विचारलं असतं तर नको म्हणता आलं असतं.

८ नोव्हें., शनि.
नामदेवरावांनी परस्पर त्याला बोटीवर बोलावलं. मी इंजिनाशी, तो पुढे, नामदेवराव मध्ये. दहा मिनिटांनी इंजिन हेलकावे खायला लागलं. मोहन सरकत मागे आला, पेट्रोल किती आहे बघतो म्हणाला आणि टाकीचं झाकण सैल केलं. सूं करून हवा आत गेली. टाकीच्या प्लास्टिकच्या कॅनचं आत गेलेलं पोट टपकन बाहेर आलं. इंजिनाने असा जोर धरला की नामदेवराव फळीवर मागे कलंडले. पूर्ण फेरी झाली. एकदाही अडकलं नाही.

काठावर नामदेवराव त्याची पाठ थोपटायला लागले, तर हा म्हणतो, “दादानं कार्ब्युरेटर साफ केलता, म्हून लागलं. म्या काहीच नाही केलं.”

मग बोट बांधताना हळूच, मला एकट्याला: “दादा, झाकणाखालचं रबर काढून टाका. टाकीत हवा जात नाही त्याच्यानं.”

८ नोव्हें., संध्या.
ते रबर माझंच. दसऱ्याच्या सुमारास जुनी टाकी गंजून गळायला लागली, म्हणून फवारणीच्या औषधाची रिकामी कॅन धुऊन मी तिची टाकी केली. ओसरीत ठेवली की कुसुम म्हणायची, भाकरीलेही पेट्रोलचा वास येते. म्हणून सायकलच्या ट्यूबचं रबर कापून झाकणाखाली घट्ट बसवलं. वास बंद झाला, टाकीचा श्वासही बंद झाला. इंजिन पेट्रोल ओढतं, त्याच्या जागी हवा यायला वाट नाही. कॅनची पोटं आत गेलेली मी रोज पाहत होतो, म्हणायचो, ऊन लागलं. काखेत कळसा.

चारचौघांत बोलला असता तर भांडलो असतो. त्याने झाकून घेतलं, म्हणून आता भांडताही येत नाही. उपकार करणाऱ्याचा इतका राग येतो, हे मला माहीत नव्हतं.

९ नोव्हें.
रबर काढलं. एकटाच तासभर फिरलो. चांगलं चाललं आणि मला आनंद झाला नाही. कुसुम म्हणते, मोहनभाऊचा पायगुण. पायगुण नाही, रबर होतं, असं ओठावर आलं. पण मग रबर कोणाचं, तेही सांगावं लागलं असतं. अजून एक भाकरी मागून घेतली.

११ नोव्हें., मंगळ.
नामदेवरावांनी घरी बोलावलं. संस्थेला बोटीवर दुसरा माणूस हवा आहे. मोहनला ठेवावं असं बाकीच्यांच्या मनात आहे, पण शब्द माझा घेणार. इंजिन मग एक महिना माझ्याकडे, एक महिना त्याच्याकडे. चहा पुढे सरकवत म्हणाले, “तुमी म्हणान तं ठेवू, भाऊ. कसा आहे माणूस?”

मी म्हटलं, “माणूस चांगला आहे, पण...”

तेवढ्यात त्यांना कोणी बाहेर बोलावलं. जाता जाता म्हणाले, उद्या येतो, सांगा काय ते.

येताना वाटभर त्या ‘पण’वर खूश होतो. ‘पण’ म्हटलं की पुढचं ते ऐकणारा स्वतःच भरून घेतो.

१२ नोव्हें., बुध.
मोहन आज चारच्या पुसद गाडीने जातो आहे. पिशवी दाराशी ठेवली आहे. काम माझ्या शब्दावर अडलं आहे हे त्याला ठाऊक आहे, कुसुमने सांगितलं. मला मात्र काही विचारत नाही. सकाळी मेहुणीचा फोन आला होता. इकडे खोली पाहू का, पोराचं तिथल्या शाळेतलं नाव काढू का, असं कुसुमला विचारत होती. कुसुम माझ्याकडे बघत “सांगते मंग” म्हणाली.

दारू पीत नाही. उशिरा उठत नाही. चोरी नाही, उलट उत्तर नाही. खोटं बोलला तो एकदाच, माझ्यासाठी. सकाळपासून ‘पण’च्या पुढे लिहायला काही मिळालं नाही. एकच मिळतं, त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. ते काही नामदेवरावांना सांगता येत नाही.

बाहेर त्यांची मोटारसायकल थांबली. कुसुम आतून म्हणते आहे, या बसा, आहेत घरीच.