किला गेटच्या जागेत बसवलेला खंडोबा

ती. लीलाताईस,

विश्वासचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघे खोटं बोलू देत नाहीत.) तुझी शुगर कशी आहे? भावोजींचा खोकला? इकडे सगळे ठीक, फक्त माझी झोप उडाली आहे.

किला गेटची जागा परत मिळाली, हे तुला फोनवर सांगितलंच. एकाहत्तरच्या लढाईत सरकारने सामान ठेवायला घेतली. लढाई संपली, सामान गंजलं, पण ताबा काही सुटेना. आबा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत झिजवत गेले. शेवटी यंदा कोर्टाने सुनावलं, की लढाईपुरती घेतलेली जागा लढाई संपल्यावर मालकाची. निकाल मी आबांच्या फोटोपुढे मोठ्याने वाचला आणि रडलो. जागेला कुलूप लावून घरी येतो तोच सीमेवर पुन्हा गोळीबार, आणि शहरात भोंगा वाजवून दिवे घालवायची रंगीत तालीम! लोक दिवे घालवत होते, मी कपाळाला हात लावून बसलो होतो. म्हटलं, आता परत घेणार.

आपल्या वकिलाला, हेमेंद्रला गाठलं. (मोबाइलमध्ये बघून कायदा सांगतो, पण आत्मविश्वासाने सांगतो.) तो म्हणाला, "काकासाहेब, टेन्शन कशाला घेता? मालकाचं राहतं घर असेल नाहीतर पूजेची जागा असेल, तर सरकार ऐसे कैसे ले लेगी?"

आधी राहून पाहिलं. पत्र्याखाली, मे महिन्यात! (तुझ्या भावजयीला पहिल्याच दुपारी माहेर आठवलं.) मग पूजेची जागा करायचं ठरवलं. घरच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक उचलला, तिथे चौरंगावर बसवला, हळद उधळली आणि सरकारी माणसाला लांबून दिसावा म्हणून बाहेर पिवळा झेंडा लावला. सरकारने तो पाहिलाच नाही, मोहल्ल्याने पाहिला. समोरच्या नीलमभाभींनी विचारलं, कौन से देवता हैं? मी शहाण्याने सांगितलं, आमचं कुलदैवत, घोड्यावर बसून लढणारं. झालं! ज्यांची मुलं फौजेत आहेत त्या साऱ्या आया नारळ घेऊन रांगेत उभ्या.

आता तिथे घंटा आहे, आरती आहे (हिंदीत), कमिटी आहे. मी कमिटीत नाही. काल टाक घरी न्यायची गोष्ट काढली, तर कमिटीवाला म्हणतो, "देवता अब सबके हैं, भाईसाहब." भांडलो असतो, पण त्या आयांचे चेहरे पाहिले आणि घंटा वाजवून परत आलो. आणि लढाई? ती तर केव्हाच थांबली. सरकारकडून जागा सोडवायला आबांचा जन्म गेला, देवाकडून सोडवायला किती जन्म लागतील कोण जाणे.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, भावोजींना ज्येष्ठमध.

तुझा धाकटा,
विश्वास

ता.क. हेमेंद्र म्हणतो, आता एकच मार्ग उरला. कुलदैवत दोघा भावंडांचं. तेव्हा टाक तुला न विचारता हलवला म्हणून तू माझ्यावर दावा ठोकायचा. देव घरचा, हे मग कोर्टातच ठरेल, आणि तोवर कमिटीला जागेवर वीटही ठेवता येणार नाही. वकीलपत्र सोबत आहे, सही कर. (तुझा वकील हेमेंद्रच्याच शेजारच्या टेबलावर बसतो.) अर्जात मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी मनावर घेणार नाही.

आणखी एक ता.क. तारखांना तुला जातीने यावं लागेल. आबा गेल्यापासून दर भाऊबीजेला बोलावतो, तू येत नाहीस. कोर्टाने बोलावल्यावर तरी येशील. दावा सावकाश चालू दे.