शेततळ्याच्या खालच्या अंगाची जाळी

प्रिय ठकू,

तुला पत्र! हसू नकोस. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही. मी बोलते आहे आणि माझी नात आशू लिहिते आहे. ती पुण्यात वकिलीचं शिकते, शेवटचं वर्ष. हात भराभर चालतो तिचा, फक्त मधेच मान वर करून माझ्याकडे बघते.

आजच का, ते सांगते. सोमवारी जुन्नरच्या कोर्टात माझी साक्ष आहे. तुझ्या लेकानं, बिरानं, आमच्यावर दावा लावलाय. आमच्या शेततळ्यात तू बुडालीस, त्यात चूक कोणाची, हे ठरायचं आहे. सातबारा माझ्या नावावर, म्हणून प्रतिवादीही मीच. या वयात! लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा माझं नाव एवढं ठळक नव्हतं.

आशूच्या पुस्तकात याला अपकृत्य म्हणतात. मी विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, "कुणी मुद्दाम केलं नाही, पण घ्यायची ती काळजी घेतली नाही, आणि त्यानं दुसऱ्याला इजा झाली, तर जबाबदारी येते." मी म्हटलं, "एवढं शिकायला पाच वर्षं? मला हे सासूनं पहिल्याच दिवशी चुलीपाशी सांगितलं व्हतं." तिला राग आला. वकिलांना राग लवकर येतो बघ.

तरी पण ठकू, सासूनं सांगितलेलं माझ्या डोक्यात राहिलं असतं, तर आज हे पत्र कशाला लागलं असतं?

मागच्या महिन्यात आशू सुट्टीला आली. दत्तानं, माझ्या लेकानं, कोर्टात दिलेली कैफियत तिनं मला वाचून दाखवली. तिच्यावर माझा अंगठा आहे. वकीलसाहेबांनी तेव्हाही वाचली होती, पण एवढी भराभर, की मला वाटलं आरती चाललीय. आशूनं सावकाश वाचली. "मयत ही प्रतिवादीच्या परवानगीशिवाय शेतात अनधिकृतपणे घुसली."

मी विचारलं, "मयत कोण?"

"ठकूआजी."

"आणि घुसली कोण?"

"त्याच."

तू घुसलीस! पिंपळवंडीत माझ्या दाराशी येऊन "आक्का, येऊ का?" असं तीनदा विचारल्याशिवाय उंबऱ्यावर पाय न ठेवणारी तू. किती वेळा सांगितलं, अगं ये सरळ, कोणी खात नाही. तर म्हणायचीस, "तुमची कुत्री खातात."

अगं, मेंढ्या कोणाच्या रानात न बोलावता बसतात का? दरसाल वैशाखात, कांदा निघाला की मीच सांगावा धाडायचे. तुझ्या मेंढ्या चार रात्री बसल्या की लेंडीखतानं रान काळं व्हायचं. त्या सालीही दत्ताच्या मोबाईलवरून मीच बोलले ना? तू लोणीच्या पुढं कुठंतरी होतीस. "ठकू, रान मोकळं झालं, ये." तू म्हणालीस, "ठेचा कर, मंग येते." ठेचा केला होता. तो कोणी खाल्ला, मला आठवत नाही.

आशू म्हणते, कायद्यात इथंच फरक पडतो. चोरासारखा शिरला तो वेगळा, आपण बोलावलेला वेगळा. बोलावलेल्या माणसासाठी आपल्या रानातला धोका आपण झाकायचा. मी म्हटलं, आणि जाळी? तिनं लिहिणं थांबवलं. "कसली जाळी, आजी?"

ही गोष्ट कोणालाच ठाऊक नाही, ठकू. दत्ताला आहे, पण तो बोलणार नाही.

शेततळ्याला चारी बाजूंनी तारेची जाळी होती. त्या वर्षी बिबट्यानं माझ्या दोन कोंबड्या नेल्या. मी दत्ताच्या मागं लागले. "तळं काय उडून जातंय का? खालच्या अंगाची जाळी काढ आणि माझ्या खुराड्याला लाव." तो म्हणाला, "आय, आपली गुरं पडतील." मी म्हटलं, "तिकडं कोण जातंय? दुसरी आण पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात तू आलीस. तिकडं कोण जातंय, तर तुझं कोकरू.

भर दुपारची वेळ. कोकरू पाण्यात घसरलं आणि त्याच्या मागं तू. तळ्यात अंथरलेल्या त्या प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरलेलं, माणूस जितका चढतो तितका खाली येतो. कोकरू तू वर ढकललंस. तुला वर ओढायला कोणी नव्हतं. एक दोरसुद्धा टाकलेला नव्हता. पोहता येत नव्हतं तर उतरलीस कशाला गं? एक हाक मारली असतीस तर! की मारलीस आणि मीच ऐकली नाही?

पोलिसांनी पंचनामा केला तेव्हा मी ओट्यावर बसून होते. मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दहाव्याला तर बायकांत मीच म्हणाले, "कोकरापायी जीव दिला येडीनं." बिरानं ऐकलं.

दत्ताचे वकीलही हेच बोलणार आहेत, की स्वतःहून उतरली, तिची तिला अक्कल नव्हती. आशू म्हणाली, "आजी, जीव वाचवायला उडी घेणाऱ्याला कायदा येडं म्हणत नाही." कायदा माझ्यापेक्षा बरा निघाला म्हणायचा.

कोंबड्या सुखरूप आहेत. एक तर एवढी म्हातारी झालीय, की बिबट्यालाही नको वाटेल.

आज सकाळी दत्ताला सांगितलं, सोमवारी मी खरं बोलणार. त्यानं ताट बाजूला सारलं. "आय, भरपाईपायी खालचा पट्टा विकायला लागंल. तू माझ्याच विरुद्ध बोलणार?"

"तुझ्या न्हाई रं. माझ्या."

"पण अंगठा दिलायस तू!"

"दिला. नीट न कळता दिला. तोंड अजून माझंच हाय."

तो उठून विहिरीच्या मोटारीवर गेला. भाकर तशीच राहिली. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण मी त्याला मागे बोलावलंही नाही. आत्ता हे लिहिताना आशूचं पेनही थांबलं. "आजी, हे पप्पांच्या विरुद्ध जाईल. हा कागद कोणाच्या हाती लागला तर?" मी म्हटलं, "लागू दे. लिही."

तर ठकू, शब्द देते. सोमवारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहीन, गुडघे उभं राहू देतील तेवढा वेळ. बिराचा वकील विचारो न विचारो, दोन गोष्टी सांगेन. तिला मी बोलावलं होतं. आणि जाळी मी काढायला लावली. घुसली हा शब्द त्या कागदावरून पुसायला लावीन, जज्जसाहेब चिडले तरी. पुढं ते काय ठरवतील ते ठरवोत. कोर्टातून निघताना बिरा समोर आला, तर मान खाली घालणार नाही. दहाव्याला बोलले ते परत घेते, असं त्याला तोंडावर सांगेन.

तू फक्त गप्प बस. मी बोलत असताना मधे तोंड घालायची तुझी सवय लई जुनी.

तुझी,
गोदा