चौदावी वही

वाघोली, पुणे
९ फेब्रुवारी २०२६

ती. प्रज्ञेशदादास,
निकिताचा सविनय जयभीम. वि. वि.

नायब तहसीलदार साहेबांना पत्र कसं सुरू करायचं यातच माझी दहा मिनिटं गेली. फोन महिनाभर आईच्या कपाटात आहे. शिवाय यंदा मुख्य परीक्षेत गोल काळे करायचे नाहीत, पानंच्या पानं लिहायची आहेत, म्हणून हा पत्रांचा उद्योग. हाताला तेवढीच सवय.

रविवारी विहाराच्या सभागृहात आपला सत्कार छान झाला. बाबा पुतण्याकडे बघून इतके हसत होते की बस. माझ्या निकालांना ते कधी असे हसले नाहीत, अर्थात त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. नोट्स कशा काढाव्यात हे आपण माईकवरून सांगितलंत. वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते पाठकोऱ्या कागदावर खरडायचं. आईने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, की बघ, शीक काहीतरी.

दादा, तिसऱ्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या, पण माझा नुसता जळफळाट होत होता. खराडीची नोकरी सांभाळून तुला नोट्स काढायला वेळ नव्हता, तेव्हा स्वतःच्या वह्या पिशवीत भरून तुला कोणी दिल्या? तीन रंगांची पेनं, प्रकरणागणिक स्टिकी नोट, शेवटी सारांश. चार वर्षं घातलीत मी त्या वह्यांवर. माझं नाव घ्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. तू साहेब झालास आणि मी अजून अभ्यासिकेच्या त्याच खुर्चीत आहे. ही शेवटची परीक्षा, नंतर पुस्तकं बांधून ठेवायची, असं बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलंय. मला तुझा हेवा वाटतो, आणि तो लपवायचा आता कंटाळा आलाय.

साहेब असलास तरी नागपूरच्या थंडीत स्वेटर घाल. प्रशिक्षणातून सवड मिळेल तेव्हा थोडा लोभ इकडेही करावा, ही विनंती.

तुझी, नाव न घेतलेली,
निकिता


नागपूर
१६ फेब्रुवारी २०२६

चि. निकितास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र मेसमध्ये वाचत होतो, तर शेजारच्याने विचारलं, की कसली नोटीस आली? तुझं अक्षर इतकं छापील, त्याचा तरी काय दोष. सुखदेवकाकांचा गुडघा कसा आहे ते मात्र तू लिहिलं नाहीस. काकूंना सांग, शेंगदाण्याची चटणी संपली.

आता वह्यांचं. पहिल्या वहीत तू चौदा वह्यांची अनुक्रमणिका चिकटवली होतीस. पिशवीत तेराच होत्या. राज्यव्यवस्थेची नव्हती. ती तुझ्या मैत्रिणीकडे, दीपालीकडे आहे, असं तू म्हणालीस. त्याच आठवड्यात तुझा डबा द्यायला अभ्यासिकेत आलो, तेव्हा ती वही तुझ्यासमोर उघडी होती. मी डबा दाराशी ठेवून परत फिरलो. फार चिडलो होतो तुझ्यावर.

वही मिळणार नाही म्हटल्यावर मी पुस्तक आणलं. कंपनीच्या बसमध्ये वाचायचो आणि उतरल्यावर जुन्या प्रिंटांच्या मागे आठवेल ते लिहायचो. निम्मं चुकायचं, मग पुन्हा वाचायचो. निकिता, सगळ्यात जास्त गुण मला त्या विषयात पडले. तुझ्या तेरा वह्यांच्या विषयांत जेमतेम तरलो. त्या वाचताना सगळं येतंय असं वाटायचं, आणि वही मिटली की डोकं कोरं. हे माईकवरून सांगितलेलं तुला चाललं असतं का? म्हणून तुझं नाव टाळलं. आभार मात्र मानायला हवे होते, ते चुकलं.

आणि हेवा काही तू एकटीच करत नाहीस. आल्यागेल्याला तुझ्या वह्या कौतुकाने दाखवल्या जायच्या आणि माझे कागद आई रद्दीत घालायची. एक विचारतो, रागावू नकोस. वही मिटून तू शेवटचं उत्तर कधी लिहिलंस?

काका-काकूंना जयभीम. आशीर्वाद सोबत आहेतच, राग ओसरेपर्यंत हवं तर पाकिटातच राहू देत.

तुझा,
प्रज्ञेशदादा


वाघोली, पुणे
२७ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

बाबांचा गुडघा बरा आहे, फक्त जिना दिसला की दुखतो. चटणी वेगळ्या पार्सलने येत आहे.

तुझं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. वही मीच लपवली होती. तुझ्याकडे नोकरी होती, वर परीक्षाही पास झालास तर माझ्याकडे काय उरणार, असं वाटलं. घरात अभ्यास म्हणजे निकिता, एवढंच तर माझं होतं. तू नापास झाला असतास तर मला बरं वाटलं असतं. हे लिहिताना लाज वाटते आहे. मी न दिलेल्या वहीने तुझं भलं झालं, हे तर फारच झोंबलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, कधीच नाही. दरवर्षी मी त्याच वह्या आणखी चांगल्या अक्षरात उतरवून काढते आणि त्याला अभ्यास म्हणते. सोमवारी दीपालीला घड्याळ लावायला सांगितलं आणि सगळ्या वह्या तिच्या टेबलावर ठेवल्या. प्रश्न होता राज्यपालांच्या अधिकारांचा. माझ्या वहीत त्याची अकरा पानं आहेत. मला दीड पान आलं, आणि त्यातही एक कलम चुकलं. दीपालीने दहापैकी चार दिले. अभ्यासिकेच्या जिन्यात बसून मी रडले, मग वर येऊन दुसरा प्रश्न घेतला. आजपर्यंत नऊ झाले. परीक्षेला आठ आठवडे आहेत.

ते पहिलं दीड पान सोबत पाठवते आहे. खाडाखोड इतकी आहे की अक्षर माझं वाटणार नाही. असा कागद मी आजवर कोणाला दाखवलेला नाही, आईलाही नाही. लाल पेनने तपास आणि कुठे कमी पडलं ते स्पष्ट लिही. तुझा हेवा मला अजून वाटतो, परीक्षेपर्यंत वाटूही दे, त्याच्यामुळे सकाळी लवकर उठते आहे.

लोभ आहेच, फक्त गुण देताना तो मध्ये आणू नये, ही विनंती.

तुझी,
निकिता