फलाट क्रमांक एकची विहीर

३ मार्च
मध्यवर्ती स्थानकात विहीर सापडली! भूगर्भात नव्हे – नकाशात. विजेवरच्या प्रादेशिक गाड्यांसाठी स्थानकाचा कायापालट चालू आहे. फलाट क्रमांक एकवर तारांचा खांब जिथे रोवायचा, नेमके तिथेच मूळ नकाशावर एक तपकिरी वर्तुळ. नव्या आरेखिकेने ते इमानेइतबारे उतरवले, शेजारी लिहिले – ‘विहीर?’ टंकलिखित प्रतीत प्रश्नचिन्ह गळाले. ‘मूळ नकाशातले काहीही गाळू नये’ हा नियम कोणाचा? मुख्य आरेखक या नात्याने, अस्मादिकांचा.

४ मार्च
वर्तुळ ओळखले. माझ्याच चहाचे. बावीस वर्षांपूर्वीचे. त्याच टेबलावर ‘नकाशांवर पेयपात्रे ठेवू नयेत’ ही पाटी – तीही माझ्याच सुवाच्य हस्ताक्षरात. मौनव्रत धारण केले.

९ मार्च
वारसा समितीने सपाट फरशीची सखोल पाहणी केली. अध्यक्ष वाकून म्हणाले, “चांगली खोल दिसते.” सभोवती कठडा घातला. कोणी आत पडू नये म्हणून पहारेकरीही नेमला! त्याला विचारले, “काय रे, काम कसं चाललंय?”
“एक नंबर, साहेब. अजून एकही माणूस पडू दिला नाही.”

१२ मार्च
हसू मावळले. विहिरीच्या रक्षणार्थ खांब सहा पावले सरकवला. तिथे आत्याचा वर्तमानपत्रांचा स्टॉल आहे. तो पाडणार. आई गेल्यावर आत्याने मला त्याच स्टॉलात वाढवले. गठ्ठ्यांवर निजलो, मथळ्यांवरून अक्षरे गिरवली. माझी ही प्रौढ भाषा म्हणजे अग्रलेखांवर झोपल्याचा परिणाम.

१३ मार्च
आत्याकडे गेलो. “ऐकलंस का?”
“ऐकलं.” गठ्ठ्याची सुतळी सोडत राहिली. वर पाहिलेसुद्धा नाही. केवढे हे धैर्य! 

१६ मार्च
मुख्य अभियंत्यांसमोर सत्यकथन केले.
“तुम्ही? चहा?”
“बिनसाखरेचा,” मी म्हणालो. अपराधाचे गांभीर्य तेवढेच कमी.
विहीर खोडली. खांब मूळ जागी. माझी पदोन्नती मात्र गेली – त्या विहिरीत पडलेला पहिला आणि एकमेव जीव. पहारेकरी होता तरी!

१७ मार्च
विजयी मुद्रेने स्टॉलवर गेलो. “आत्या, विहीर म्हणजे माझ्याच चहाचा डाग हे कबूल करून तुझा स्टॉल वाचवला!”
“तुला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?”
तिने गल्ल्याखालून एक पत्र काढले. पुनर्वसन खात्याचे, बारा तारखेचे. प्रवेशद्वाराजवळ नवा स्टॉल, पक्के दार, पंखा.
“चाळीस वर्षं इंजिनाचा धूर खाल्ला मी. पंखा मिळणार होता, गाढवा! आतून कडी लागणारं दार मिळणार होतं!”
“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”
“तू विचारलंस?”
परत आलो.

१८ मार्च
आज आत्या कचेरीत आली. आयुष्यात पहिल्यांदा. हातात माझ्यासाठी चहा, कप काठोकाठ भरलेला, ओघळलेला. टेबलावर नवा मूळ नकाशा पसरलेला होता.
“खांब कुठाय रे तुझा?”
मी बोट ठेवले. तिने बोट बाजूला सारून तिथे कप ठेवला. पाटीच्या बरोबर खाली. मग निघून गेली.
चहा सावकाश प्यालो. कप उचलला. वर्तुळ निर्दोष.
आरेखिका आली. वाकून वर्तुळ पाहिले. “साहेब, हे… उतरवू?”
“नियम ठाऊक आहे ना?” मी म्हणालो.